तळघरातली शिवणखोली: आधी पाणी, मग हवा, मग उजेड आणि मशीन सगळ्यात शेवटी

नागपुरात घराला तळघर असणं म्हणजे उन्हाळ्यापुरतं तरी नशीबच. मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला की वरच्या खोलीत दुपारी मशीनवर बसवत नाही. कूलर लावावा तर कापून ठेवलेले तुकडे उडतात, न लावावा तर घामाचे हात कापडाला लागतात. तळघरात तीच दुपार साध्या पंख्यावर निघते. मग कधीतरी खालचं जुनं सामान कबाड्याकडे जातं, खोली मोकळी होते आणि घरातली शिवणारी बाई जाहीर करते, "आता ही खोली माझी."

इथेच घाई होते. आधी नवीन मशीन येतं, मग टेबल, मग भिंतींना छान पिस्ता रंग. ऑगस्टमध्ये त्या रंगाचे पोपडे सुटतात, कापडाला कुबट वास येतो आणि सुयांच्या पाकिटात गंज दिसतो. म्हणून या लेखातला क्रम उलटा आहे. पैसे आणि वेळ आधी पाण्यावर, मग हवेवर, मग उजेडावर. ते नीट झालं तर आईच्या जुन्या पायमशीनवरही उत्तम काम होतं. ते बिघडलं तर महागातलं मशीनही वर्षभरात रडायला लागतं.

मापं देताना मी 12 बाय 15 फुटांची खोली धरली आहे. तुमची लहान असेल तर त्या बेतानं कमी करा.

आधी नकाशा काढा, मग टेप

घराचा मंजूर नकाशा कपाटातून बाहेर काढा आणि तळघर कशासाठी दाखवलंय ते वाचा. राष्ट्रीय बांधकाम संहितेप्रमाणे तळघराची उंची फरशीपासून छताच्या खालच्या बाजूपर्यंत सगळीकडे निदान 2.4 मीटर, म्हणजे जवळजवळ 8 फूट लागते. तळघराचं छत आजूबाजूच्या जमिनीपेक्षा 0.9 ते 1.2 मीटर वर असावं, असंही ती सांगते. हे जमिनीवर आलेले तीन-चार फूट आपल्या कामाचे, कारण झरोके तिथेच बसतात. काही घरांत तळघर पूर्ण जमिनीत गाडलेलं असतं, एकही झरोका नसतो. अशा खोलीत कापड ठेवायचाही मोह धरू नका, बसून काम करणं तर दूरच. फ्लॅट स्कीमच्या खाली पार्किंगचा कोपरा मोकळा दिसतो म्हणून त्याच्याही नादी लागू नका.

घरच्या घरी छंद म्हणून शिवणं वेगळं आणि क्लास किंवा ऑर्डरी घेणं वेगळं. दुसरं करायचं असेल तर महापालिकेत आणि महावितरणच्या कार्यालयात आधी विचारून घ्या, नंतर धावपळ नको.

टेप घेऊन जिना मोजा: रुंदी, वळणावरची जागा, दाराची चौकट, वरून डोक्याला लागणारा बीम. प्लायची 8 बाय 4 फुटांची अख्खी शीट तीन फुटी जिन्याच्या वळणावरून खाली जात नाही. लकडगंजात प्लाय घ्याल तेव्हा मापं हातात ठेवून तिथेच कापून घ्या. टेबल खाली आणून जोडायचं, वर जोडून खाली न्यायचं नाही.

मारबत निघेपर्यंत रंग नको

मान्सून विदर्भात जूनच्या मध्याला येतो, पण जमीन खरी भरते ती श्रावण सरता-सरता. तोवर भिंत कोरडी राहिली तर भरवसा ठेवायला हरकत नाही. म्हणून पोळा होऊन दुसऱ्या दिवशी मारबत, म्हणजे नागपुरातली मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, निघेपर्यंत तळघरात रंग, पीओपी, वॉलपेपर काहीही लावू नका. खोली रिकामी ठेवा आणि बघत राहा.

नुसतं बघायचं नाही, तपासायचं. दीड फूट लांब-रुंद जाड पारदर्शक प्लास्टिक घ्या. भिंतीवर एक आणि फरशीवर एक, चारही कडा रुंद चिकटपट्टीनं हवाबंद चिकटवा. निदान 24 तास हात लावू नका. मग वाकून नीट पाहा. थेंब प्लास्टिकच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडच्या बाजूला असतील, किंवा प्लास्टिकखालची भिंत गडद पडली असेल, तर पाणी मातीतून भिंतीत येतंय. आतून कोरडं आणि बाहेरच्या, खोलीकडच्या अंगावर दव असेल, तर पाणी हवेतलं आहे. दोन्हीकडे असेल तर दोन्ही दुखणी आहेत. जमिनीपासून फूट-दीड फुटावर पांढरी मिठासारखी पूड दिसते का, तेही बघा. ती नखानं खरवडली की भुरभुर पडते. पाणी भिंतीतून वर चढून सुकतं तेव्हा मागे राहिलेले क्षार असतात ते. जिथे ती पट्टी संपते तिथपर्यंत ओल चढते असं समजा आणि पेन्सिलीनं रेघ मारून तारीख लिहा.

ही तपासणी झाल्याशिवाय वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलावलं की संवाद ठरलेला असतो. "काकू, टेन्शन काऊन घेता? आतून कोटिंग मारून देतो, पाच वर्षं पाहाचं काम नाही." त्याला इतकंच म्हणायचं, "भाऊ, पाणी कुठून येऊन राहिलं ते तर आधी पाहा जी." हवेतल्या दवावर कोटिंगचा काही उपयोग नाही आणि मातीतल्या पाण्यावर पंख्याचा नाही.

बाहेरचं पाणी बाहेरच

पाणी मातीतून येत असेल तर निम्मं काम खोलीच्या बाहेर असतं आणि ते स्वस्तही पडतं. गच्चीचे पाइप भिंतीशीच मोकळे सुटलेत का? भिंतीला लागून कुंड्या, वाफे, रोज पाणी घातलेलं लॉन आहे का? जमिनीतली पाण्याची टाकी किंवा सांडपाण्याचा चेंबर तळघराच्या भिंतीला चिकटून आहे का? टाकी गळते की नाही ते ओळखायला टाकी भरा, रात्री नळ-पंप बंद ठेवा, पातळीची खूण करा आणि सकाळी बघा. घराभोवती तीन फुटांचा सिमेंटचा उतरता पट्टा बाहेरच्या बाजूला झुकलेला हवा. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. भिंतीलगतच्या त्या भेगांतून पहिल्या पावसाचं पाणी सरळ पायापर्यंत जातं.

एवढं करूनही ओल राहिली तर जाणकाराकडून काम करून घ्या. नवीन बांधकामात बाहेरून शहाबादी फरशीचं बॉक्स टाइप वॉटरप्रूफिंग सगळ्यात भरवशाचं, पण उभ्या घराला ते सहसा शक्य नसतं. मग भेगांत इंजेक्शन ग्राउटिंग, म्हणजे दाबानं आत भरलेला पातळ मसाला, आणि काँक्रीटच्या भिंतीवर आतून सिमेंटमध्ये कालवलेलं क्रिस्टलाइन कोटिंग. त्यावर चकचकीत ऑइलपेंट नको. भिंतीला श्वास घेऊ द्या, साधा चुना किंवा चुन्याचा रंग बरा. दिसायला साधा, पण उजेड छान परततो.

पूर ही निराळी गोष्ट. 2023 च्या 23 सप्टेंबरला पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी फुगली आणि काही तासांत कितीतरी घरांत पाणी शिरलं. नदी-नाल्याच्या काठची किंवा सखल वस्ती असेल तर तळघरात शिवणखोली करण्याआधी शेजाऱ्यांना त्या रात्रीबद्दल विचारा. पाणी आलं होतं असं कळलं तर वरच्या मजल्यावरची छोटी खोली घ्या. तिथं उन्हाळा काढता येईल, पण बुडालेलं मशीन आणि साठवलेलं कापड परत येत नाही. आलं नव्हतं तरी जिन्याच्या तोंडाशी सहा इंचांचा उंबरठा बांधा, खालच्या मोरीच्या पाइपाला उलटं पाणी न येऊ देणारा व्हॉल्व्ह बसवा आणि जमलं तर कोपऱ्यात छोटा खड्डा, त्यात फ्लोट स्विचवर, म्हणजे पाणी चढलं की तरंगून सुरू होणाऱ्या बटणावर, आपोआप चालणारा पंप. वीज गेली तर तो पंप इन्व्हर्टरवर चालेल अशी सोय हवी, कारण पाऊस आणि वीज जाणं एकत्रच येतं.

जुलैमध्ये झरोका बंद, मेमध्ये पहाटे उघडा

पावसाळ्यात कुबट वास आला की सगळे झरोके उघडतात. "हवा खेळू दे" हा आपला जुना उपाय. तळघरात तो उलटा पडतो. जुलैत बाहेरची हवा 30 अंश आणि आर्द्रता 80 टक्के असेल तर त्या हवेतलं पाणी सुमारे 26 अंशांना दव होऊन सुटतं. जमिनीतली भिंत तेवढीच गार असते. म्हणजे दुपारी झरोका उघडून आपण दमट हवा आत बोलावतो आणि ती भिंतीवर, कात्रीवर, मशीनच्या चाकावर पाणी सोडते. म्हणून पावसाळ्यात झरोके बहुतेक वेळ बंद. एक्झॉस्ट फक्त आपण आत असताना आणि इस्त्री चालू असताना.

उन्हाळ्यात बाहेरची हवा एवढी कोरडी असते की दवाची भीती नाही. तेव्हा पहाटे झरोके उघडून गार हवा आत घ्यायची आणि आठच्या सुमारास बंद करायचे.

एक छोटं डिजिटल आर्द्रतामापक यंत्र आणा. हजार रुपयांच्या आत मिळतं आणि सगळा अंदाजपंचे कारभार संपवतं. 45 ते 55 टक्के हा कापड, कापूस, लाकूड आणि लोखंड सगळ्यांना मानवणारा पट्टा. 60 च्या वर दिवसचे दिवस राहिलं तर बुरशी धरते. तेव्हा डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतलं पाणी काढून घेणारं यंत्र, लागतो, आणि तो कॉम्प्रेसरवाला घ्या. टेबलावर ठेवायची स्वस्तातली छोटी यंत्रं कपाटापुरती ठीक, खोलीला त्यांचा पाड लागत नाही. खोक्यावर लिहिलेले दिवसाचे लिटर बहुधा 30 अंश आणि 80 टक्के अशा दमट हवेत मोजलेले असतात, त्यामुळे घरात त्याहून कमी पाणी निघालं तर यंत्र बिघडलं असं समजू नका. पाण्याची नळी मोरीत सोडा, नाहीतर डबा भरून यंत्र बंद पडतं आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. हे यंत्र खोली थोडी गरम करतं. पावसाळ्यात ते चांगलंच, कारण तापलेल्या हवेची आर्द्रता उतरते.

फार कोरडंही चालत नाही. मेमध्ये मापक 25 वर आला की सुती धागा तुटायला लागतो आणि पॉलिस्टरचे तुकडे बोटांना चिकटतात. हे आपल्या गावाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. 1 जानेवारी 1877 ला नागपुरात सुरू झालेल्या जमशेटजी टाटांच्या एम्प्रेस मिलमध्ये हवा ओलसर ठेवणारी यंत्रं आणि आग विझवणारे फवारे भारतात पहिल्यांदा बसवले गेले, अशी टाटा समूहाच्या इतिहासात नोंद आहे. आपल्याला एवढं काही नको. मेमध्ये रीळ तासभर ओल्या फडक्याशेजारी झाकून ठेवलं तरी धागा नरम येतो.

कूलर मात्र खाली नेऊ नका. खसाच्या ताट्यांचा वास कितीही हवासा वाटला तरी तो तासाला काही लिटर पाणी हवेत सोडतो आणि तळघरातून ते बाहेर जायला वाट नसते. छताचा पंखाही मला खाली नको वाटतो. 8 फुटी छताला पंखा लावला की चादर झटकताना हात पात्यापर्यंत जातो. भिंतीवरचे दोन पंखे, रेग्युलेटरसह, टेबलापासून दूर वळवलेले, एवढं पुरे.

एक्झॉस्टचा हिशोब सोपा आहे. 12 बाय 15 बाय 8.5 फूट म्हणजे सुमारे 43 घनमीटर हवा. ती तासाला सहा वेळा बदलायची तर 260 घनमीटर लागते. खोक्यावर हा आकडा लिहिलेला असतो, तो वाचून घ्या. 9 इंची पंखा निवांत पुरतो. त्याच्या समोरच्या भिंतीला हवा आत यायला जाळीचा झरोका हवा, नाहीतर पंखा नुसता आवाज करतो. जनरेटर ठेवायची जागा त्या झरोक्यापासून लांब असू द्या, त्याचा धूर आत ओढला गेला तर जिवावर बेतेल.

काळा आणि गडद निळा ओळखू येतोय का?

तळघरात दिवस-रात्र सारखीच, त्यामुळे सगळा भार दिव्यांवर. चार फुटी 20 वॉटची एलईडी ट्यूबलाइट साधारण 2,000 लुमेन देते. आपल्या खोलीत अशा सहा लावल्या आणि भिंती पांढऱ्या असल्या तर जमिनीवर 400 लक्सच्या आसपास उजेड पडतो. एवढ्यात हिंडता-फिरता येतं. कापायला आणि टीप मारायला 700 ते 1,000 लक्स लागतात. वरची तफावत टेबलावरच्या दिव्यांनी भरा, सगळ्या छतावर ट्यूब भरू नका, डोळे दिपतात. ट्यूब भिंतीलगत एकच ओळ नको. त्यानं आपलीच सावली कापडावर पडते. कापायच्या टेबलाच्या दोन्ही लांब बाजूंवर एकेक ओळ लावा.

दुकानात बहुतेक वेळा 6500 केल्विनचा निळसर पांढरा दिवा हातात ठेवतात. त्यात पिवळे आणि लाल फिके दिसतात. 4000 केल्विन मागा आणि रंग दाखवण्याचा निर्देशांक (सीआरआय) 90 च्या वर आहे का ते विचारा. घरी परीक्षा सोपी आहे: काळा आणि गडद निळा, मरून आणि गडद तपकिरी असे दोन-दोन दोरे शेजारी ठेवा. दिव्याखाली ओळखू आले तर दिवा पास. मशीनशेजारचा दिवा उजव्या हाताच्या माणसाला डावीकडून हवा.

विजेच्या बाबतीत काटकसर नको. तळघराला वरच्या फ्यूजबोर्डातून स्वतंत्र लाइन, त्यावर 30 मिलिअँपिअरचा गळती-संरक्षक स्विच, उत्तम अर्थिंग. इस्त्री आणि डीह्युमिडिफायरला स्वतंत्र 16 अँपिअरचे सॉकेट. सगळे सॉकेट फरशीपासून साडेतीन फुटांवर, म्हणजे टेबलाच्या उंचीला. वाकावं लागत नाही आणि खाली थोडं पाणी साचलं तरी धोका कमी. एक्स्टेंशनची वायर जमिनीवरून आडवी टाकायची नाही. कात्री, चाक आणि पाय यांपैकी कुणीतरी एक दिवस तिला गाठतंच.

मधली जमीन मोकळी ठेवा

शिवणखोलीचे फोटो बघून लोक चारही भिंतींना कपाटं आणि मध्ये भलंमोठं बेट करतात. गोधडी करणारीला हे चालत नाही. गोधडी जमिनीवरच मांडली जाते. डबल बेडची गोधडी 90 बाय 100 इंच, म्हणजे साडेसात फूट आणि साडेआठला थोडी कमी, शिवाय चारही बाजूंना बसायला जागा. साडेनऊ फूट लांब-रुंद स्वच्छ जमीन मोकळी राहायलाच हवी.

15 फुटांच्या लांबीतून साडेनऊ गेले की साडेपाच फुटांचा पट्टा उरतो. त्यात मशीन, इस्त्री आणि कपाटं एकाच बाजूला. कापायचं टेबल चाकांवर आणि चाकांना ब्रेक. एरवी ते मध्ये, गोधडी मांडायच्या दिवशी पट्ट्यात सरकवायचं. फरशी एकरंगी आणि फिकट, कारण पडलेली टाचणी दिसली पाहिजे. कार्पेट नको, ओल धरतं. उभं राहायच्या जागी तेवढे रबरी मॅट टाका आणि आठवड्यातून एकदा उचलून खालची फरशी कोरडी आहे का बघा.

मांडताना अस्तर उलटं, सुलट बाजू जमिनीकडे. कडा ओढून घ्यायच्या, पण ताण येईल इतक्या नाही, आणि चिकटपट्टीनं जमिनीला धरून ठेवायच्या. वर मधला थर: जुनी लुगडी, धुवून मऊ झालेल्या सुती साड्या, किंवा कापसाची तयार पट्टी. शेवटी वरची ठिगळांची बाजू. तळहात मधून कडांकडे फिरवत सुरकुती बाहेर काढायची, कडेकडून मधे कधीच नाही. मग मध्यापासून चारही दिशांना चार-चार बोटांवर कच्चे टाके. नागपुरी लुगड्याचा सुती पोत या थराला फार चांगला. सिंथेटिक साडी मात्र मध्ये घालू नका, थर घसरतात आणि अंगाला घाम येतो. गुडघे साथ देत नसतील तर सारख्या उंचीची दोन टेबलं जोडून त्यावर मांडा. वेळ जास्त जातो, पण कंबर वाचते.

भिंतीची एक बाजू मांडणीसाठी ठेवा. 6 बाय 6 फुटांचा सॉफ्टबोर्ड, त्यावर पांढरं फलालीन ताणून बसवलेलं. सुती तुकडे टाचणीशिवाय त्याला चिकटून राहतात, चार पावलं मागे जाऊन रंगसंगती बघता येते. बोर्ड थेट भिंतीला ठोकू नका. मागे इंचभर जाडीच्या पट्ट्या लावून हवेला जागा ठेवा.

टेबल, खुर्ची, इस्त्री

कापायच्या टेबलाची उंची दुकानदाराला विचारायची नसते, कोपराला विचारायची. ताठ उभं राहा, कोपर काटकोनात वाकवा, त्याच्या तीन-चार इंच खाली टेबलाचा पृष्ठभाग. 5 फूट 2 इंच उंचीच्या बाईला तो 35 इंचांच्या जवळ येतो, म्हणजे स्वयंपाकाच्या ओट्यापेक्षा जरासा उंच. माप 3 बाय 5 फूट पुरे. दोन्ही बाजूंनी हात पोहोचला पाहिजे. प्लाय 19 मिलिमीटरचा आणि आयएस 710 चा शिक्का असलेला मरीन घ्या. एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड, तळघरात फुगतं. नागपूरच्या जमिनीत वाळवी आहेच, त्यामुळे लाकूड खाली उतरवण्याआधी फरशी-भिंतीच्या सांध्यांत वाळवीचं औषध मारून घ्या.

मशीनच्या टेबलात खाच पाडून मशीन असं उतरवा की त्याचा पाट आणि टेबल एका पातळीत येतील. डावीकडे आणि मागे टेबल लांबवा. गोधडीचं ओझं टेबलाबाहेर लोंबलं की कापड सुईला ओढतं, टाके लहान-मोठे पडतात आणि सुई मोडते. लोक मशीनला दोष देतात, दोष टेबलाचा असतो. खुर्ची हात नसलेली, उंची बदलणारी.

इस्त्रीसाठी शिंप्याची जुनी पद्धत घ्या: भक्कम टेबल, त्यावर घडी घातलेली घोंगडी, वर ताणून बांधलेला मांजरपाट. लोकर उष्णता धरून ठेवते, त्यामुळे शिवण दोन्ही बाजूंनी दबते. ठिगळांच्या कामात पाव इंची शिलाई प्रत्येक वेळी दाबावी लागते, म्हणून हे टेबल मशीनपासून दोन पावलांवर आणि एक्झॉस्टच्या खाली. वाफेची इस्त्री तळघरात ओल वाढवते हे लक्षात असू द्या. आणि फिरत्या कटरखालची हिरवी मॅट इस्त्रीजवळ ठेवू नका, गरम हवेनं वाकली की सरळ होत नाही.

कापड ठेवताना

कपाट भिंतीपासून तीन इंच पुढे आणि फरशीपासून सहा इंच वर. बस्स, एवढ्या मोकळ्या जागेनं निम्मी बुरशी टळते. गांधीबागेतून आणलेलं ठाणातलं कापड थेट खाली नेऊ नका. धुवून खळ काढा, कडक ऊन दाखवा, मग घडी. कसरीला खळ फार आवडते आणि घरातली जुनी लुगडी बहुधा तिला आधीच सोबत घेऊन येतात. पावसाळ्यात ऊन नसेल तर नवं कापड वरच्याच मजल्यावर थांबू दे. डांबराच्या गोळ्या बंद तळघरात टाकू नका, वास डोक्यात जातो. झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या, आणि त्या अधूनमधून बदला. सुया, टाचण्या, कात्र्या यांनाही तोच नियम.

आग आणि वाट

कापूस, सुताची कुसं, गरम इस्त्री आणि बाहेर जायला एकच जिना. म्हणून जिन्यावर आणि जिन्याखाली सामान नको, एकही गाठोडं नको. दोन किलोचा एबीसी पावडरचा अग्निशामक जिन्याच्या पायथ्याशी टांगा. इस्त्रीजवळ टांगला तर आगीपलीकडे अडकतो. छताला बॅटरीवरचा धुराचा अलार्म. इस्त्रीच्या स्विचला दिसणारा लाल दिवा असू द्या, वर जाताना तो बघायची सवय लागते. मशीनखालची कुसं रोज झाडा. मोटरीत शिरलेली कुसं तापतात.

आता मशीन

घरगुती वापराला आणि अधूनमधून गोधडीला जड बैठकीचं साधं मशीन पुरतं. पायमशीनला मोटर बसवली तरी चालेल, वीज गेली तर पाय आहेतच. हौसेपुढे जाऊन ऑर्डरी घ्यायच्या असतील तर कारखान्यात वापरतात तसलं हाय-स्पीड मशीन. तेव्हा सर्व्हो मोटर मागा. जुनी क्लच मोटर सुरू केल्यापासून सतत गुणगुणते आणि बंद तळघरात तो आवाज डोक्यात बसतो. सर्व्होचा वेगही कमी-जास्त करता येतो. पायांखाली रबरी पॅड टाका, म्हणजे वरच्या खोलीत दुपारची झोप मोडत नाही.

सुईचे नंबर: ठिगळं जोडायला 80 किंवा 90, म्हणजे 12 किंवा 14, सगळे थर एकत्र टीपताना 100, म्हणजे 16. जाड जुनं कापड असेल तर 18. थर पुढे-मागे सरकू नयेत म्हणून वरूनही कापड ओढणारा फूट लावा. मोकळ्या हातानं वेलबुट्टी भरायची असेल तर दात खाली करता येणारं मशीन लागतं, घेण्याआधी दुकानात खाली करून दाखवायला सांगा.

पावसाळ्यात झाकण सुती कापडाचं घाला, प्लास्टिकखाली ओल कोंडते. चार महिने मशीन आठवड्यातून दोनदा तरी चालवा, काम असो नसो. शटलजवळ मशीनच्या पांढऱ्या तेलाचा एक थेंब, आणि मग रद्दी कापडावर दहा-बारा फूट टीप, म्हणजे जास्तीचं तेल निघून जातं. खोबरेल घालू नका, ते थंडीत गोठतं आणि मशीन जड होतं.